पैशाची वही असते, वेळेची कुठे असते?

गेल्या महिन्यात शेजारची एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे आली. नोकरी बदलायची होती. नव्या ठिकाणी पगार २५ टक्के जास्त मिळणार होता. "ताई, घेऊनच टाकते. यात विचार करण्यासारखं काय आहे?" हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे लोक असे प्रश्न घेऊन येतात आणि मला ते आवडतं. मी वही पुढे ओढली, पगाराचा आकडा बाजूला ठेवला आणि तिला विचारलं, "घरातून निघतेस किती वाजता आणि परत येतेस किती वाजता?"

सध्या तिचं काम आठ तासांचं, प्रवास जाऊन-येऊन एक तास. म्हणजे रोजचे नऊ तास. नव्या ठिकाणी काम नऊ तास आणि प्रवास तीन तास, एकूण बारा. आजचा दिवसाचा पगार १०० धरला, तर नऊ तासांना १००, म्हणजे तासाला ११.११. नव्या नोकरीत बारा तासांना १२५, म्हणजे तासाला १०.४२. पगार चौथाईने वाढला आणि तासाचा दर सहा टक्क्यांनी उतरला. आता फक्त जास्तीच्या तीन तासांकडे बघू. त्या तिन्ही तासांचे मिळून २५, म्हणजे तासाला ८.३३. मी तिला विचारलं, "आजच्या साहेबांनी तुला सांगितलं की रोज आणखी तीन तास थांब, पण त्या तासांचा दर पाऊणपट देईन, तर थांबशील?" ती लगेच म्हणाली, "छे, का म्हणून?"

ती नोकरी घेऊ नकोस असं मी तिला सांगितलं नाही. नवं काम शिकायला मिळत असेल, पुढची वाट मोकळी होत असेल, घरावर कर्ज असेल, तर तासाचा दर उतरूनही ती नोकरी घेण्यासारखी असू शकते. मला एवढंच हवं होतं की ती तीन तास विकते आहे हे तिला दिसावं. पाचवीतलं पोर करील असा हा हिशेब आहे. तरी तो तिच्या डोक्यात आला नव्हता, आणि माझ्या स्वतःच्या बाबतीत माझ्याही डोक्यात कित्येक वर्षं आला नव्हता. तो का येत नाही, हेच मला समजावून सांगायचं आहे.

पैशाला कीर्द असते, खतावणी असते. पगार जमा झाला की आकडा दिसतो, खर्च झाला की कमी झालेला दिसतो, वर्षअखेरीला ताळा जुळला की नाही ते कळतं. वेळेचं असं काही नसतं. तीन तास प्रवासात गेले तर ते कुठल्याच खात्यावर नावे पडत नाहीत. शिवाय वेळेची शिल्लक पुढच्या पानावर ओढता येत नाही. आज शंभर रुपये राखले तर उद्याच्या पानावर ते आरंभीची शिल्लक म्हणून येतात. आज दुपारी राखलेला अर्धा तास उद्याच्या पानावर येत नाही, तो आजच कशात तरी खर्ची पडतो. म्हणून 'वेळ वाचवला' हे बोलणं थोडं फसवं आहे. वेळ एका कामातून सुटतो आणि दुसऱ्यात जातो. ते दुसरं काम कोणतं हे आधी ठरवलेलं नसेल, तर सुटलेला अर्धा तास फोनच्या पडद्यावर जातो, हा माझा तरी अनुभव आहे.

अर्थशास्त्रात 'संधी खर्च' नावाची कल्पना आहे. एक गोष्ट निवडताना तिच्या जागी करता आली असती अशी सगळ्यात चांगली दुसरी गोष्ट हातची जाते. तिची जी किंमत, तो संधी खर्च. ही कल्पना वेळेला नीट लावून दाखवली गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने, १९६५ मध्ये. त्यांचं म्हणणं असं की कुठल्याही वस्तूला दोन किमती असतात, एक पैशात आणि एक वेळेत. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी दोन तास रांगेत उभं राहावं लागत असेल तर ती फुकट नाही. घराकडेही त्यांनी असंच पाहिलं : घर म्हणजे एक छोटा कारखाना. बाहेरून आणलेलं सामान आणि घरातल्या माणसांचा वेळ यांच्यातून तिथे जेवण तयार होतं, धुतलेले कपडे तयार होतात, मुलं मोठी होतात, थकलेलं माणूस पुन्हा ताजं होतं. या आणि अशाच कामासाठी बेकर यांना १९९२ चं नोबेल मिळालं.

या मांडणीतून एक विचित्र गोष्ट बाहेर पडते. माणसाचा पगार वाढला की दोन ओढी एकदम लागतात. एक ओढ म्हणते, आता पुरेसं आहे, थोडं कमी काम कर. दुसरी म्हणते, अरे, आता तुझा एकेक तास महाग झाला, तो बिनकामाचा घालवणं परवडायचं नाही. पहिलीला 'उत्पन्न परिणाम' म्हणतात, दुसरीला 'प्रतिस्थापन परिणाम'. नावं जड आहेत, पण दोन्ही ओढी प्रत्येकाने अंगावर घेतलेल्या असतात. दुसरी जिंकली की काय होतं ते ओळखीच्या कुठल्याही मोठ्या पगाराच्या माणसाकडे बघून कळेल. गप्पा मारत बसणं त्याला महाग वाटायला लागतं. मुलाला बूट स्वतःचे स्वतः घालू देणं महाग वाटतं, कारण त्यात सात मिनिटं जातात आणि आपण घातले तर एक. ज्या गोष्टींना मुळात वेळच लागतो आणि पैसा फारसा लागत नाही, त्या त्याच्या दिवसातून आधी गळतात. पैसा वाढला आणि उसंत कमी झाली, असं तो म्हणतो, आणि त्यात खोटं काही नसतं.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांना १९३० मध्ये वाटलं होतं की पहिली ओढ जिंकेल. शंभर वर्षांत पुढारलेल्या देशांचं राहणीमान चार ते आठ पटींनी वाढेल आणि मग लोक आठवड्याला पंधरा तास काम करतील, असा त्यांचा अंदाज होता. राहणीमानाचा अंदाज बराचसा बरोबर आला. पंधरा तासांचा साफ चुकला. तास कमी झालेच नाहीत असं मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत कामगार वर्षाला साधारण ३,००० तास राबत होते. आज त्या देशांत हा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतो. पण ती कपात एकेकट्या माणसाने घरी बसून 'मी वेळेला जास्त मोल देणार' असं ठरवल्याने झाली नाही. ब्रिटनमधले गिरणीचालक आणि समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ मध्ये आठ तास काम, आठ तास मोकळीक, आठ तास झोप अशी मागणी मांडली. १ मे १८८६ ला अमेरिकेत याच मागणीसाठी संप झाला आणि शिकागोत रक्त सांडलं. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली तेव्हा तिचा पहिलाच करार कामाच्या तासांवर होता : दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. म्हणजे ओवेन यांच्यापासून तिथवर यायला १०२ वर्षं लागली.

हे मुद्दाम सांगते, कारण 'पैशापेक्षा वेळ मोठा' हे वाक्य हल्ली स्वभावाचा प्रश्न असल्यासारखं सांगितलं जातं. जणू एखाद्याला ते उमगलं की झालं. पण ऑफिसात सगळे रात्री आठपर्यंत थांबत असतील तर साडेपाचला उठणारा एकटा माणूस नुसते तास कमी करत नाही, त्याच्याकडे बघण्याची नजरही बदलते, आणि ती पुढच्या बढतीत दिसते. त्याच्या एका तासाची किंमत बाकीचे किती तास देतात यावर ठरते. असे तास सगळ्यांचे मिळून कमी झाले तरच कमी होतात.

तरीही काही भाग आपल्या हातात असतो, आणि तिथे आपलं मन आपल्याला फसवतं. ते कसं, हे अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच यांनी, २००५ मध्ये दाखवलं. लोकांना विचारलं की महिन्याभराने तुमच्याकडे आजच्यापेक्षा जास्त सवड असेल का, तर लोक मोठ्या विश्वासाने हो म्हणतात. पैशाबद्दल विचारलं तर इतका विश्वास नसतो, कारण पुढच्या महिन्यातही भाडं आहे, हप्ता आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या महिन्यातल्या दिवसांचे हप्ते मात्र कुणी लिहून ठेवलेले नसतात. त्यामुळे दोन महिन्यांनंतरच्या तारखेला आपण पटकन 'येते हो' म्हणून मोकळे होतो आणि ती तारीख उगवली की कपाळाला हात लावतो. मी आता एक साधा प्रश्न विचारते : हे काम येत्या मंगळवारी असतं तर मी हो म्हटलं असतं का? मंगळवारी नको असलेलं काम दोन महिन्यांनीही नकोच असतं.

आता उलट बाजू. पैसे देऊन वेळ घेता येतो का, आणि घेतला तर बरं वाटतं का? २०१७ मध्ये ॲशली व्हिलन्स, एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क आणि नेदरलँड्स इथल्या सहा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नको असलेली कामं पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेणारे लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले, आणि हे कमी उत्पन्नाच्या लोकांतही दिसलं. मग व्हँकुव्हरमध्ये त्यांनी साठ नोकरदारांना दोन शनिवार-रविवारी चाळीस-चाळीस डॉलर दिले. एका वेळी वस्तू घ्यायची, दुसऱ्या वेळी वेळ सुटेल असं काही करायचं. वेळ सुटला त्या दिवशी लोकांची मनःस्थिती जास्त चांगली होती. मला यातला सगळ्यात बोलका आकडा वेगळाच वाटतो. आणखी काही लोकांना विचारलं की तुम्हाला आत्ता असे चाळीस डॉलर मिळाले तर काय कराल, तेव्हा वेळ मोकळा होईल अशा गोष्टीवर खर्च करू म्हणणारे जेमतेम दोन टक्के होते. नेदरलँड्समधल्या कोट्यधीशांनाही विचारलं होतं. त्यांच्यातल्याही जवळजवळ निम्म्यांनी या कारणासाठी एक पैसा खर्च केला नव्हता. म्हणजे हात तोकडा आहे एवढंच कारण नाही. वस्तू हातात दिसते, सुटलेला तास दिसत नाही. आणि स्वतःचं काम दुसऱ्याला देताना मनाला कुठेतरी टोचतंही.

ते टोचणं मी सरसकट चूक मानत नाही. कुणाचा तरी वेळ आपण घेतो तेव्हा तोही एका माणसाच्या दिवसातून आलेला असतो, त्याला त्याचा नीट मोबदला मिळायला हवा. आणि पुष्कळदा तर त्याचा हिशेबच होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात घरकाम आणि माणसांची देखभाल यांत विनामोबदला जाणाऱ्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के तास बायकांचे असतात, पुरुषांच्या ३.२ पट. एखाद्या घरात 'मी आता आयुष्याचा तोल साधलाय, संध्याकाळ स्वतःसाठी ठेवतो' असं कुणी अभिमानाने सांगतं, तेव्हा त्या संध्याकाळचं काम कुणाच्या खात्यावर नावे टाकलं गेलं, हे बघावं लागतं. बेकर यांच्या कारखान्यातले तास घड्याळ वळवून नाहीसे होत नाहीत. कुणीतरी ते देतंच.

ज्यांचे पैसे महिनाअखेरीपर्यंत पुरत नाहीत त्यांना 'पैशापेक्षा वेळ निवडा' सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्या बाबतीत जास्तीचा पैसा हाच वेळ असतो : बिघडलेलं यंत्र दुरुस्त करून घेता येतं, लांबची पायपीट टळते, उधारीसाठी चार दारं फिरावी लागत नाहीत. पण त्याच माणसांकडून सगळ्यात जास्त तास वसूल केले जातात, आणि त्याचं बिल शरीर भरतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला अंदाज असा : आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त असतो. एकट्या २०१६ मध्ये असे सात लाख ४५ हजार मृत्यू झाले. हिशेबाच्या भाषेत याला घसारा म्हणतात, म्हणजे वापरून झिजल्यामुळे होणारी घट. यंत्राचा घसारा आम्ही दर वर्षी न चुकता लिहितो.

माझी स्वतःची वही मी दोन वर्षांपूर्वी चौदा दिवस ठेवली. साधी शाळेतली वही, डावीकडे वेळ, उजवीकडे काम. पहिले तीन दिवस मी शहाण्यासारखी वागले, कारण लिहायचं आहे हे ध्यानात होतं. चौथ्या दिवसापासून मी खरी जशी आहे तशी दिसू लागले. त्यात एक नोंद पुन्हा पुन्हा आहे : '५.४० ते ६.१५, काही आठवत नाही.' चौदा दिवसांत अशा एकोणीस नोंदी निघाल्या. दुसरं जे दिसलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माझ्याकडे मोकळा वेळ मी समजत होते त्यापेक्षा बराच जास्त होता, पण सगळा चिल्लर. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, मध्ये एक फोन, पुन्हा बारा मिनिटं. पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे म्हणजे कागदावर चार तास, पण त्या तुकड्यांत तुम्ही एखाद्या दुखणाईत माणसाला भेटून येऊ शकत नाही, सलग वाचू शकत नाही, नीट भांडून नीट मिटवूही शकत नाही. चिल्लर आणि अख्खी नोट यांची किंमत पैशात सारखी असते. वेळेत नसते. मी मग नवे तास शोधायचं सोडलं आणि आहे ती चिल्लर जोडून आठवड्याला एक बंदा तुकडा करायच्या मागे लागले : फोन उचलण्याच्या ठरावीक वेळा, छोटी कामं एकाच दुपारी, बाकी काही नाही.

इथे एक धोका आहे, आणि मी हिशेबनीस असल्यामुळे तो मला जास्त आहे. तासाला सतत दर लावत राहिलं तर तो तास भोगता येत नाही. सॅनफर्ड डीव्हो आणि ज्युलियन हाउस यांनी २०१२ मध्ये काही लोकांना आधी त्यांच्या तासाचा दर काढायला लावला आणि मग दीड मिनिटाचं सुरेल संगीत ऐकवलं. ज्यांनी दर काढला होता ते जास्त उतावीळ झाले, त्यांना ते संगीत कमी आवडलं. ऐकण्याचे पैसे देतो म्हटल्यावर मात्र उतावीळपणा ओसरला. त्यामुळे दर काढायचा तो दारात, निर्णय घेताना. नोकरी घ्यायची का, जास्तीचं काम घ्यायचं का, लांबचं घर घ्यायचं का. आत गेल्यावर वही मिटायची. आणि मोकळा वेळ जितका जास्त तितकं बरं, हेही खरं निघालेलं नाही. मारिसा शरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हजारो अमेरिकी लोकांच्या नोंदी तपासल्या. रोज दोनएक तासांपर्यंत मोकळा वेळ वाढला की समाधान वाढत होतं, पाच तासांपलीकडे ते पुन्हा उतरायला लागत होतं. त्या मोकळ्या वेळात माणसं भेटत असतील किंवा हाताला अर्थाचं काम असेल, तर ती उतरण दिसत नव्हती.

मागच्या वर्षी मला शनिवार दुपारचं काम चालून आलं. दर चांगला होता, नेहमीच्या दीडपट. त्याच शनिवारी मी बाबांकडे जायचं ठरवलं होतं. त्यांच्याकडे जुन्या फोटोंची एक पत्र्याची पेटी आहे. कुठल्याच फोटोमागे नाव नाही. नावं फक्त बाबांना माहीत आहेत, आणि बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. दोन वर्षं मी 'बसू एकदा' म्हणत होते. दारातला हिशेब मी केला. माझे तीन तास पुढच्या महिन्यातही मिळतील, बाबांना आज आठवतं ते पुढच्या महिन्यात आठवेल का, हा आकडा माझ्याकडे नव्हता. मी काम नाकारलं. पैसे गेल्याचं थोडं लागलं, ते लपवत नाही.

आता शनिवारी तीनला आम्ही खिडकीशी बसतो. मी फोटो उजेडाकडे धरते, बाबा चष्मा कपाळावर सरकवून तो अगदी नाकाजवळ नेतात. मऊ पेन्सिलीने मी मागे लिहिते, पेनाने लिहिलं तर समोरच्या बाजूला वळ उठतो. "बाबा, हे कोण? तुमच्या मागे उभे आहेत ते?" ते बराच वेळ बघतात. कधी नाव लगेच येतं, सोबत एखादी गोष्टही येते, आणि मग चहा निवून जातो. कधी म्हणतात, "हा... थांब. सांगतो." मग दोघंही थांबतो. एकदा असं थांबलो आणि नाव आलंच नाही. तो फोटो त्यांनी बाजूला ठेवला आणि निघताना, मी चपला घालत असताना, आतून हाक मारून त्यांनी नाव सांगितलं.

पहिल्या दिवशीची माझी नोंद आहे : 'शनिवार, ३ ते ६.१०, फोटो. ४१ झाले.' पेटीत अजून दीडशेएक असतील.